मागून बसलेली गाडी

बँकेच्या बदलीवर जयपूरला आल्यापासून विलासला कच्च्या रस्त्यांचा नाद लागला होता. आमेरच्या पलीकडे एका कोरड्या नाल्यात त्याने गाडी घातली आणि तिचं पोट दगडावर जोरात घासलं. तरी ती निमूट तिलक नगरला घरी आली. फक्त तेव्हापासून मागून जरा बसलेली दिसायची.

रविवारी तो बायकोला, मधुमतीला, घेऊन गॅरेजमध्ये गेला. ती बाकावर बसून मोबाइल पाहू लागली. सलीम मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवली आणि खालून टॉर्च मारला.

"इंजिनखाली दगडच लागलाय," तो हिंदीत म्हणाला. "पण हे बघा, साहेब."

मागच्या सीटवर बसलेला माणूस पाय ठेवतो, तिथे पत्र्याला शेजारी शेजारी दोन पोचे होते. आतून टाचा रोवल्यासारखे.

"दगडाने पत्रा वर गेला असता. हा खाली आलाय. मागे कोण बसतं?"

"कोणी नाही. घरात आम्ही दोघंच."

सलीमने पोच्यांवरून अंगठा फिरवला आणि हात पँटला पुसला. मग त्याने लिफ्ट खाली घेतली. चाकं जमिनीला टेकली, गाडी मागून तशीच बसली. दारं बंद होती.

मग तिची मागची बाजू हलकेच वर आली, कोणी उतरल्यावर येते तशी.

विलासने बाकाकडे पाहिलं. मधुमतीने मोबाइलवरची नजर न काढता शेजारची पर्स मांडीवर घेतली आणि थोडं सरकून जागा करून दिली.