दगडापुढचा नारळ

मास्तरसाहेब, तुम्ही भित्रे आहात. "घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गावाचा इतिहास शोधा," असं दहावीच्या पोरांना तुम्हीच सांगितलं. माझ्या मीनलनं शोधला, तर "असलं लिहीत नसतात" म्हणून तिचा प्रोजेक्ट तुम्हीच परत केला.

तामसी गावातल्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक दगड आहे. पेरणीआधी आम्ही त्याच्यापुढे नारळ फोडतो, पण पीकपाणी मागत नाही. "माफ कर," एवढंच म्हणतो. मीनलनं माझ्या बापाला विचारलं, "आबा, देवाले माफी काऊन मांगता?"

बाप मान खाली घालून बोलला, "देव नोहे तो, माय. ही जमीन आत्राम गोंडाची होती. त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाचा दगड हाय तो. माह्या बापानं आत्रामाले हुसकलं, पन दगड हालवायची हिंमत नाई झाली."

तुम्ही प्रोजेक्ट परत केला तेव्हा, खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

काल पेरणीचा नारळ हातात घेतला, तर मीनल म्हणाली, "बाबा, त्याच आत्रामाची पणती शाळेत माह्या बाकावर बसते. मंग माफी दगडाले काऊन?"


बोला साहेब, काय सांगू तिला?