एका घराचं सामान

रेघ तुम्ही ओढलीत, सरकार. धरणाच्या पाण्याची रेघ, आणि तीही दोन घरांमधल्या सामाईक भिंतीतून! रुपचंदचं घर बुडणार, म्हणून त्याला नव्या गावठाणात प्लॉट. भटूचं घर कोरडं, म्हणून त्याला काही नाही. त्याची वाट, विहीर, शेत पाण्यात जाणार, ते तुमच्या नकाशाला दिसलं नाही. पाणी काय भिंत बघून थांबतं?

शिंदखेड्याहून ट्रक आला. पुनर्वसनाच्या साहेबानं बजावलं, "एक खेप. एकाच घराचं सामान. दुसऱ्याची काडी दिसली तर ट्रक माघारी."

"समजलं," रुपचंद म्हणाला.

सकाळपासून तो ट्रक भरत होता. सागाचं दार चौकटीसकट. जातं, खाट, हंडे, कळश्या. भिंतीतली खुंटीसुद्धा त्यानं उपटून घेतली.

पारावरून चिंधा ओरडला, "खुंटीबी सोडत नही का रे? दोस्त मांगे ऱ्हायना नि खुंटी पुढे चालनी!"

पार खदाखदा हसला. रुपचंदनं वर पाहिलंही नाही. लहानपणापासून त्याच्या ताटात जेवलेला भटू ट्रकला टेकून उभा होता. एकेक भांडं चढलं की भटूची कुंदाबाई डोळ्याला पदर लावी.

भटू हळूच म्हणाला, "रुपचंद, आजूनबी येळ शे. बठ्ठं सामान उतार."

"गप ऱ्हाय."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

दोर आवळून झाला. रुपचंदची सुंदरबाई भाकरीचं गाठोडं घेऊन बाहेर आली, दाराला कडी घातली आणि मागं न बघता ट्रकमध्ये चढली. भटू आणि कुंदाबाईही चढले. पोचवायला निघाले बिचारे, असं चिंधाला वाटलं.

गावठाणात साहेब उतरणारं सामान बघत उभा होता. पितळी हंडा त्यानं उन्हात फिरवला. काठावर नाव घातलेलं होतं: कुंदाबाई भटू पाटील. कळशी उचलली. तेच नाव. परात उलटी केली. तेच.

"रुपचंद, तुझं सामान कुठंय?"

"तिकडंच. पाण्यात जाईल." रुपचंदनं टोपी नीट केली. "एकाच घराचं आणा म्हणालात, एकाच घराचं आणलं. काडी जास्त नाही. आता तुम्ही सांगा साहेब, इथं आमच्या दोघांमधून रेघ कुठून ओढता?"