लाहूच्या गाडीचा रुसवा

“यंदा तू पाहुण्यांबरोबरच परत जा,” सरिता म्हणाली.

नविनने हातपंपाचा दांडा तसाच धरून ठेवला. “आणि गाडी बंद पडली तर?”

“यंदा पडणार नाही.”

“म्हणजे ठरवलंस?”

 सरिताने हंडा उचलला. झरी गावाच्या रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले होते. डहाणू, घोलवड, सायवन, कुठून कुठून माणसं येत होती. लाहूला जाऊन सात वर्षं झाली होती, तरी त्याच्या दिवसाला गर्दी वाढतच होती.

लाहू, सरिताचा नवरा, या भागातला एकमेव रेसर. चिखल्याची वाळू असो की सायवनकडचा चढ, त्याची लाल गाडी पुढे असायची. तो रेसमध्ये मेला नाही, काविळीने गेला. गाडीला साधा ओरखडाही नव्हता. ती घरासमोर मांडवाखाली उभी असायची. लाहूचा जुना मेकॅनिक नविन चिखल्याहून येऊन तिची देखभाल करायचा.

सरिताला नविनशी लग्न करायचं होतं, नविनलाही तिच्याशी. पण ज्या चाहत्यांनी तिच्या नवऱ्याचा फोटो घरात देवाशेजारी लावला होता, त्यांना हे कसं सांगायचं? आणि त्याहून अवघड म्हणजे सासूला? बुधीबाई रोज सकाळी गाडीचं बॉनेट पदराने पुसायची. काल ते पाहतानाच सरिताचा सांगायचा धीर संपला होता.

ती घरात आली तेव्हा बुधीबाई चटया झटकत होती.

“नविनची चटई शेजारच्या हिरूच्या घरी टाकू ना? दर सालासारखी?”

“नको, आय. यंदा तो राहणार नाय.”

“बरं,” बुधीबाई म्हणाली आणि गाडी पुसायला गेली.

दुपारपर्यंत मांडव भरला. फॅन क्लबचे अध्यक्ष सुनिलभाई घोलवडचे चिकूवाले. त्यांनी ताडीचा पहिला पेला गाडीच्या चाकाशी ओतला. “लाहू, आधी तू,” म्हणाले आणि मग आठवणी सुरू झाल्या.

“चिखल्याची रेस! भरती आलेली. बाकी सगळे थांबले, हा सरळ पाण्यात घुसला. फिनिशला बॉनेट उघडलं तर आत पापलेट!”

“मागच्या वर्षी बोंबील होता,” सायवनचा लक्ष्या म्हणाला.

“वाढला असेल.”

“पहिल्या वर्षी तर मांदेली होती. पुढच्या वर्षी मगर निघेल, भाई.”

“तू होतास का रे तिथे?”

“होतो की. मासाबिसा काय नव्हता, चप्पल होती. माझीच.”

मांडव हसून हलला. बुधीबाईही तोंडाला पदर लावून हसली. मग कुणीतरी सांगितलं, की भर रेसमध्ये लाहूने एका कोंबडीला आणि तिच्या पिल्लांना रस्ता ओलांडू दिला होता आणि तरीही पहिला आला होता. त्यावर पिल्लं किती होती यावरून भांडण जुंपलं.

“वहिनी, तुम्ही मधे बसा,” सुनिलभाईंनी खुर्ची पुढे केली. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. “क्लबतर्फे सांगतो, तुम्ही आहात म्हणून लाहू आहे. तुम्हाला पाहिलं की वाटतं, तो मागे हात धुतोय, आत्ता येईल.”

सरिताने मान खाली घातली. नविन टायरमधली हवा तपासत होता. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं.

शेवटी सगळे गाडीभोवती जमले. लाहूच्या दिवशी गाडी सुरू करून तिचा आवाज ऐकायचा, असा क्लबचा नेम होता. सुरुवातीची वर्षं ती सुरू व्हायचीही. गेली तीन वर्षं मात्र ती नेमकी त्याच दिवशी रुसायची. क्लबला त्याचा केवढा अभिमान! मालकाच्या आठवणीने गाडी बोलत नाही म्हणून व्हिडिओ फिरायचे. मग मंडळी जेवून निघून जायची आणि दुरुस्तीसाठी नविन चार दिवस मागे राहायचा.

सुनिलभाईंनी चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

“नाय बोलली!” लक्ष्या ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुनिलभाईंनी डोळे पुसले.

सरिता जागेवरच थिजली. गाडी खरंच रुसते की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

नविनने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “पार्ट लागणार,” तो मोठ्याने म्हणाला. “तलासरीला शोधावा लागेल. मी राहतो मागे.”

मंडळी जेवायला वळली. सरिता त्याच्याजवळ गेली. “हे तू केलंस,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“मी? मला वाटलं, तुझा विचार बदलला.”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

 भाताचं टोपलं घेऊन चाललेली बुधीबाई त्यांच्याजवळ थांबली. टोपलं तिने नविनच्या हातात दिलं, कमरेच्या ओच्यातून गाडीची वीतभर काळी वायर काढली आणि सरिताच्या मुठीत ठेवली.

“दर साली तूच काढतेस, यंदा विसरलीस वाटतं,” ती म्हणाली. “धर. आन् चार दिवस तरी त्याला देऊ नको.”