सिंकला भोक

"भोक पाडायचंच असेल तर आधी ह्या हाताला पाड," असं म्हणून पुतळाबाईने आपला पंजा सिंकच्या काठावर पालथा टेकवला. प्लंबर दिनानाथने ड्रिल बंद केलं आणि भूपेशकडे पाहिलं.

भूपेश तिचा मुलगा. नायगावच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेल्या घरातला पहिला नोकरदार. काल त्याने पाणी शुद्ध करायचं मशीन आणलं होतं. मशीन भिंतीला टांगायचं, त्यात विहिरीच्या पंपाचं पाणी सोडायचं आणि त्याचा बगळ्याच्या मानेसारखा बारीक नळ सिंकच्या काठातून वर काढायचा. नळ फिरवला की प्यायचं पाणी. सिंक मात्र जुनं, चिनीमातीचं, बोटभर जाड काठाचं. त्याला नळासाठी भोकच नव्हतं.

"आजी, तडकनार नाय," दिनानाथ समजावू लागला. "पानी शिंपडत हळूहळू पाडतो. वेळ लागंल, पन तडा जायचा नाय."

"तड्याचं कोन बोलतंय? दारात विहीर हाय, आनि तिचं पानी गाळायला ह्याने यंत्र आनलंय. उद्या मलापन गाळून घेशील!"

भूपेशने खिशातून तपासणीचा कागद काढला. कागद इंग्रजीत होता. पुतळाबाई दुसरीत दोनदा बसलेली. मराठीसुद्धा तिला अक्षराखाली बोट धरून वाचावं लागे.

"वाचून दाखवू, आये? विहिरीत मैला उतरलाय. मागच्या टॉवरची संडासाची टाकी गळतेय. माझ्या पोरीला, तेजस्वीला, कावीळ काय उगाच झाली?"

"टॉवर कालचे. विहीर माझ्या आजेसासऱ्याची. मी रोज पहाटे तांब्याभर पिते. मला काय धाड भरली?"

ते खरंच होतं. पाड्यात अजून पालिकेचं पाणी आलं नव्हतं आणि विहिरीची रीत ठरलेली होती. पहाटे पहिला हंडा घरचा निघायचा. कठड्यापाशी उभी राहून पुतळाबाई त्यातलं तांब्याभर पाणी सगळ्यांदेखत प्यायची, पदराने तोंड पुसायची, आणि मगच बाकीच्या बायका दोर सोडायच्या. घरधनीण प्यायली म्हणजे पाणी चांगलं. बत्तीस घरं त्या एका तांब्यावर विसंबून होती. सासू गेल्यापासून चाळीस वर्षं तो मान तिचा. "तुमच्या दारात सोनं असंल," ती म्हणायची, "माझ्या दारात पानी हाय."

मागच्या दाराशी कळशी वाजली. शेजारची धोंडूबाई होती. सकाळी भरून नेलं होतं, तरी पुन्हा आली होती.

"ह्या टायमाला गं?" पुतळाबाईने खिडकीतून विचारलं.

"नातू आडवा झालाय, वयनी. डोळे नुसते हळदीसारखे. डागतर बोलला, पानी भरपूर पाजा. मी सुनेला बोलले, बाटलीतलं नको गं, पुतळावयनीच्या विहिरीचं पाज. असं गोड पानी अख्ख्या वसईत नाय."

पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला.

पुतळाबाईने भूपेशकडे पाहिलं. भूपेशने कागदाची घडी घातली आणि तो खिशात सरकवला.

"सांग तिला," ती म्हणाली.

"हळू बोल, आये." तो जवळ आला. "आपण आपलं बघायचं. तोंड उघडलं तर अख्ख्या पाड्याची कावीळ आपल्या नावावर लागेल. तुझ्या नावावर! आज मशीन बसतंय. घरातली पोरं सेफ झाली, विषय संपला."

विषय संपला. म्हणजे उद्यापासून घर आतल्या नळाचं पिणार, आणि ती पहाटे कठड्यापाशी उभी राहून तांब्या तोंडाला लावणार. पाड्याला दाखवायला.

पुतळाबाईने सिंकवरचा हात काढला. मागच्या दाराने ती तरातरा विहिरीवर गेली. पोहरा वर येत होता. तिने धोंडूबाईच्या हातातला दोर ओढून घेतला, पोहरा कठड्यावर टेकवला आणि अळवात रिकामा केला.

"वयनी, अगं पोर तहानलंय!"

"नासलीय विहीर." मग पाड्याच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "माझी विहीर नासलीय! माझी नात पडली ती हिच्यानं, धोंडूचा नातू पडलाय तो पन हिच्यानं. कागद आलाय. ज्याला शिव्या घालायच्या त्याने माझ्या दारात येऊन घाला, मी काय पळून जात नाय. आनि शिव्या घालून झाल्या की टॉवरवाल्याकडं चला. मी पुढं चालते!"

एकेक दार उघडलं. धोंडूबाई रिकामी कळशी पोटाशी धरून तिच्याकडे बघत राहिली. पुतळाबाईने मान खाली घातली नाही.

भूपेश चौकटीत कपाळ धरून उभा होता. "काय केलंस हे, आये! आता आपल्या घरात मशीन बघून लोक काय बोलतील?"

ती त्याच्या बाजूने आत गेली. दिनानाथ ड्रिल घेऊन तसाच खोळंबला होता. त्याने चाचरत विचारलं, "आजी, मग... पाडू का सिंकला?"

"सिंकला नको." तिने ओट्यामागच्या भिंतीवर बोट टेकवलं. भिंतीपलीकडे पाड्याची वाट होती. "हितं आरपार पाड. नळ बाहेर काढ. धोंडूची कळशी पयली लाव."

"आणि आपण?" भूपेशचा आवाज चढला. "मशीन आपलं, आणि आपण प्यायचं कुठून?"

"रांगेतनं," पुतळाबाई म्हणाली. "सगळ्यांच्या मागं उभं ऱ्हाऊन."