नीतूचा पत्ता

“ज्या वकीलसाहेबानं माझी पोरगी सांभाळाची, त्यानंच तिचा पत्ता जावयाले देल्लन! जावयानं तिचा हात मोडलन. अन् आता तुमीबी तोंड शिवून बसाल?”

केशोरी गावच्या म्हाताऱ्या नंदलालचा आवाज कुडवा गावातल्या अर्ध्या रस्त्यानं ऐकला. मग त्यानं बाजारातून आणलेला नवा माठ वकील भूमेश्वरीबाईंच्या ऑफिसात खाली ठेवला, मुन्शी उमेंद्रकडून पाणी मागून काठोकाठ भरला आणि बाकावर बसला.

“गळते का पाहतो. नवीन हाये.”

“बरं,” भूमेश्वरीबाई म्हणाल्या. “काकाजी, थोडं पाणी तुम्हीही प्या.”

“मले पाणी नाही पाहिजे. नीतू तुमच्याकडंच आली, असं कोर्टातले लोक सांगून राहिले. कुठी हाये ते सांगा.”

“ती माझ्याकडे आली की नाही आली, हेही मी सांगणार नाही.”

“मी बाप हावो तिचा!”

“असाल.”

“असाल? हे घ्या, आधार कार्ड पाहा!”

“कार्ड पाहूनही माझं उत्तर तेच, काकाजी.”

म्हातारा भडकला. वकिलाचं काळीज कोर्टातल्या खुर्चीसारखं, कोणीबी बसा, ते लाकूडच, म्हणाला. मग रडला. जावई सुधरला, पाया पडून राहिला, म्हणाला. बाईंनी चष्मा पुसला. फोनकडे पाहिलं नाही, कपाटाकडे पाहिलं नाही.

“तिची माय जेवून नाही राहिली,” तो हळूच म्हणाला. “पोरगी जित्ती हाये, एवढं तरी?”

उमेंद्रला राहवेना. “बाई, जे आहे ते सांगून टाका न. बाप आहे.”

“तू गप.”

नंदलालनं वाकून माठाखालची फरशी हातानं चाचपली. कोरडी होती. उठला आणि निघून गेला. माठ तिथंच राहिला.

“कायले छळलं म्हाताऱ्याले?” उमेंद्र उसळला. “नीतू नावाची कोणी आपल्याकडे आलीच नाही, एवढंच तर सांगायचं होतं!”

“आज ‘नाही आली’ म्हणून सांगितलं, तर उद्या ती आल्यावर काय सांगू? तेव्हा माझं गप बसणंच तिचा पत्ता सांगेल.”

दार वाजलं. नंदलाल परत आला होता. त्याच्या मागे ओढणीनं तोंड झाकलेली, एक हात गळ्यात बांधलेली पोरगी उभी होती. ती चांगल्या हातानं बाईंच्या पाया पडली. म्हाताऱ्याचे डोळे पुन्हा भरले.

“हे नीतू. घरीच लपवून ठेवली होती, आज संग आणली. असंच विचारत सारं कोर्ट फिरलो, बाई. एकानं सांगतलन, आली नाही. दुसरा म्हणे, पाहून सांगतो. एक तुमीच काईबी न सांगता मले हाकललं, लय उपकार झाले. आता तरी तोंड उघडा अन् सांगा, घेता का नाही हिची केस?”