निर्लज्ज बाईला मत

भाऊ तरातरा घरात शिरला आणि हातातली टोपी त्यानं टेबलावर आपटली.

"आपा, आज मौलाना माईकवरून काय बोलले कळलं का? म्हणे, परक्यांच्या दारोदार मतं मागत फिरणारी बाई निर्लज्ज. तिला मत देणं गुनाह. तुझं नाव तेवढं घ्यायचं ठेवलं!"

आपा प्रसूतिगृहात नर्स होती. नुकतीच ड्यूटीवरून आली होती. बुटांचे बंद सोडत तिनं विचारलं, "बायकांना ऐकू गेलं?"

"भोंगे चालू होते. न जायला काय झालं!"

"बरं. आधी पाणी पी."

तो पाणी प्यायला नाही. त्याचं रिक्षादुरुस्तीचं गॅरेज होतं. ते बंद ठेवून तो बहिणीच्या प्रचाराला लागला होता. वस्तीतल्या दवाखान्याला कधीचं टाळं लागलं होतं आणि नगरसेवकानं आत आपल्या सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. शेजारची सून टेम्पोत बाळंत झाली, बाळ हाती लागलं नाही, त्या दिवशी आपानं निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं.

पण तिला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. वस्तीतले म्हणत, बाई गुणाची, पण मौलाना नाव घेतील तोच येणार. दर निवडणुकीला मौलाना नगरसेवकाचं नाव घेत आणि वस्ती मुकाट्यानं मत देई. रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांमध्ये तर तिला कुणी दारच उघडत नव्हतं. ही पण मौलानांचंच माणूस असणार, असं ते धरून चालले होते.

"मी त्या म्हाताऱ्याला सोडत नाही," भाऊ म्हणाला आणि निघाला. आपानं त्याला अडवलं नाही.

मौलाना मशिदीमागच्या खोलीत एकटेच सदऱ्याला बटण लावत बसले होते.

"किती खाल्लेत नगरसेवकाकडून?" भाऊ दारातूनच ओरडला. "नमाज पढवायला ठेवलंय ना तुम्हाला? मग नमाज पढवा! आमच्या मतांचे मालक कधीपासून झालात?"

मौलानांनी सुई खाली ठेवली. "खरं आहे तुझं. पण मला एकट्याला काय सांगतोस? चौकात जाऊन सांग."

म्हातारा वर तोंड करून चिडवतोय, असं वाटून भावाचं डोकं सणकलं. त्यानं मौलानांची गचांडी धरली. लोकांनी धावत येऊन त्याला ओढून काढलं. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलं. मग तो खरंच चौकात गेला आणि घसा बसेपर्यंत बोलला.

संध्याकाळी बायका खवळल्या. "आमची पोरं जिनं हातावर झेलली, ती निर्लज्ज? आणि हा कोण आम्हाला शिकवणारा?" कधी उंबऱ्याबाहेर न बोललेल्या बायका मशिदीच्या फाटकाशी जाऊन मौलानांच्या नावानं शिव्या देऊन आल्या. व्हिडिओ रस्त्यापलीकडे पोचला. जिथं दारं बंद होत होती, तिथं आपाला बसायला खुर्ची मिळू लागली. मौलवी जिच्या विरोधात आहे, ती आपल्या कामाची, असं तिथल्या लोकांना वाटलं.

आपा दणदणीत निवडून आली. नगरसेवकाचं डिपॉझिट गेलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याचं टाळं तोडलं. मशिदीच्या कमिटीनं मौलानांना काढून टाकलं. म्हातारा एक बॅग घेऊन पायीच निघाला. पोचवायला कुणी गेलं नाही. वाटेत एकजण त्याच्या अंगावर थुंकला.

हे सांगायला भाऊ दवाखान्यात आला, तेव्हा आपा तपासणीचं टेबल घासत होती.

"गेला एकदाचा! मौलानाला न विचारता या वस्तीनं पहिल्यांदाच मत दिलं, आपा. पण म्हातारा भलता चिवट. एवढ्या शिव्या खाल्ल्या, एवढी थू थू झाली, तरी बोलविता धनी कोण, ते काही तोंडातून निघालं नाही."

आपानं फडकं बादलीत पिळलं.

"मी," ती म्हणाली.