पितृहीन कन्यांसाठी

"नवरा वारलाय की सोडचिठ्ठी झालीय, दोन्हींपैकी एक सांगा," ट्रस्टचा फॉर्म भरता भरता कविता मॅडम म्हणाल्या. "तिसरा कॉलमच नाही."

"दोन्ही नाही," मंगला म्हणाली. "सोडून गेला."

"मग मी लिहू काय?"

मंगलाच्या शेजारी तिची मुलगी पूर्णिमा बारावीची मार्कशीट छातीशी धरून उभी होती. मागे खुर्च्यांवर बाकीच्या पोरी आपापल्या आयांजवळ बसल्या होत्या. ट्रस्टची ही पहिलीच शिष्यवृत्ती, पितृहीन कन्यांसाठी. पूर्णिमाचा नर्सिंगला नंबर लागला होता. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर सीट दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दोन महिने मंगला हेच ऐकत होती. तहसीलमधला बाबू म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा. माणूस मेलाच नाही तर दाखला कुठून आणू, तर म्हणे मग आमच्याकडे तुमचं काही काम नाही. बँकेत म्हणाले, मुलीच्या पप्पांना घेऊन या. वॉर्डाचा पार्षद तर पाय पसरून म्हणाला, ताई, एकदा जाऊन माफी मागून बघा ना, तुमचंही काही चुकलं असेल.

नवरा मेला की बाई गरीब ठरते. पळाला की तीच बाई संशयित ठरते. पोरीची फी मात्र दोन्हीकडे तेवढीच असते, हे कुणी विचारात घेत नाही.

ट्रस्टचं पत्रक तिला पावरलूमच्या कारखान्यात मिळालं. तिथे ती सुताच्या कांड्या भरते. पत्रक वाटणारा म्हणाला, कागद देऊन जा, आम्ही कळवू. मंगलाने पत्रक दोनदा वाचलं अन् विचारलं, "देणारे स्वतः येणार आहेत का?" येणार आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी त्याच दिवशी येते."

टेबलाच्या टोकाला बसलेले गिरधरकाका चष्म्यावरून बघत होते. ट्रस्टचे अध्यक्ष. "बाई, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, अन् मुलगी पितृहीन. कसं पटायचं?"

"बाप मेला असं मी म्हटलंच नाही."

"मार्कशीटवर बापाच्या जागी रेघ आहे. नाव तर असेल ना त्याला?"

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

खुर्च्यांमधून हसण्याचा आवाज आला. कविता मॅडमही हसल्या. त्या बावीस वर्षं मास्तरीण होत्या, हसण्यातही थोडी शिकवणी होती. "मंगलाताई, कुठल्या जमान्यात राहता? पोरगी नर्स होणार अन् आई नाव घ्यायला लाजते. पूर्णिमा, तू सांग बेटा."

"मला पण नाही सांगत, मॅडम. मी तर पूछनाच सोडून दिलं."

टेबलाच्या मधल्या खुर्चीवर, स्वतःचं नाव छापलेल्या बॅनरपुढे, निरंजनराव होते. पैसा त्यांचा. मूळचे इकडचेच, जवळच्या इच्छापुरकडचे, पण तरुणपणीच सुरतेला गेले अन् कापडाच्या धंद्यात मोठे झाले. ट्रस्टवाल्यांनीही त्यांना आज सकाळीच पहिल्यांदा पाहिलं होतं. मघाशी माइकवर ते छान बोलले होते. ज्या लेकरांच्या डोक्यावर बापाचा हात नाही, त्यांच्या डोक्यावर आपला हात असावा, असं म्हणताना त्यांचा आवाज जड झाला होता. आलेल्या प्रत्येक पोरीला त्यांनी नाव-गाव विचारलं होतं. आता मात्र ते मोबाइलमध्ये बघत होते.

"नावाचं काय एवढं," मान वर न करता ते म्हणाले. "विधवा लिहा अन् मंजूर करा. पुढच्या मुली खोळंबल्यात."

"पण भाऊ, दाखल्याचा नियम तुम्हीच..."

"मी म्हणतो ना, काका."

कविता मॅडमनी पदराने डोळे टिपले. "बघा मंगलाताई, असा माणूस शोधून सापडायचा नाही. आता तरी हात जोडा."

मंगलाने हात जोडले नाहीत. "विधवा लिहू नका," ती म्हणाली.

पूर्णिमाने तिचा पदर ओढला. "आई, प्लीज. लिहू दे ना. सोमवार आहे."

"कुंकू लावून आलेय, कुंकू लावूनच घरी जाईन. चालत्याबोलत्या माणसाला मेला म्हणून मी सही करणार नाही. पैसे नाही मिळाले तरी चालेल."

"अहो, तुमच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होईल," गिरधरकाका चिडले. "ज्याने वळून पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढं?"

"नवऱ्याने टाकलेली लिहा. जे खरं आहे ते लिहा."

"तो कॉलम नाही म्हणून सांगितलं ना."

"लिहा काका, त्या म्हणतात ते लिहा," निरंजनराव घाईने म्हणाले. त्यांनी ग्लास उचलला अन् पाणी न पिताच खाली ठेवला. "संपवा हे."

गिरधरकाकांनी फॉर्म स्वतःकडे ओढला अन् कॉलमच्या बाहेर, कडेला, 'परित्यक्ता' असं लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मग माइक हातात घेऊन जाहीर केलं की निरंजनरावांच्या खास शब्दाखातर पूर्णिमाची पूर्ण फी मंजूर. टाळ्या वाजल्या. पूर्णिमा रडायलाच लागली.

फोटोवाला पुढे आला. सगळ्या पोरींनी केलं तेच करायचं होतं. देणाऱ्याच्या पाया पडायचं, पाकीट घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं. निरंजनराव अर्धवट उठले. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले.

पूर्णिमा तरी वाकली. मंगलाने तिचा दंड धरला अन् तिला सरळ उभं केलं.

"अहो, पडू द्या की," कविता मॅडम म्हणाल्या. "पडली पाया तर काय बिघडतं?"

गिरधरकाकांच्या हातातला माइक चालूच होता.

"नाव विचारत होतात ना मॅडम, ते मागच्या बॅनरवर छापलंय," मंगला म्हणाली. "अन् आमच्यात लेक बापाच्या पाया पडत नाही."